गाडीचं कपाळ

आबा गेल्यावर माय मला एकच प्रश्न विचारायची. भाकरी थापताना विचारायची, शेळीला पाला टाकताना विचारायची, मी वाळूजहून सुट्टीला घरी पोचून पायातले बूट काढत असलो तरी विचारायची. "मी त्या अवसेला नारळ फोडला नाय, म्हूनच गाडी बंद पडली ना रे?"

सुरुवातीला मी समजावून सांगायचो. मग चिडायला लागलो. मी मुळात तापट. कंपनीत दिवसभर गाड्यांच्या सीटा बसवतो, तिथं सुपरवायझरपुढं गिळलेला राग बसमधून तसाच घरी आणतो आणि ज्याचा काही संबंध नाही त्याच्यावर काढतो. "माय, लोखंड आहे ते! लोखंडाला अवस-पुनव कळती का?" असं मी ओरडायचो. ती मान हलवायची. पटलं म्हणून नाही, माझं ओरडून झालं की नाही ते बघायला. जरा वेळानं पुन्हा तोच प्रश्न.

ती जेवायची, पण अर्धीच भाकरी. दारातल्या पिकअपकडं पाठ करून बसायची. चांगली धडधाकट बाई महिन्या-दोन महिन्यांत वाळून गेली. धाकटा भाऊ म्हणाला, गाडी भंगारात देऊन टाकू, डोळ्यांपुढून गेली की विसरंल. मला ते पटलं नाही. गाडी गेली की प्रश्न कायमचा तिच्याकडं राहणार, हे मला दिसत होतं. मी त्याला म्हणालो, थोडं थांब. मी हिचा बिघाड शोधतो. तुटकी तार काढून तिच्या हातात देतो. ही बघ माय, हिच्यामुळं. तुझ्यामुळं नाही.

पिकअप आमच्या घरात मेंढरांच्या जागी आली होती. बिडकीनच्या आसपास रानं कुंपणात गेली, रस्ते आले, चारायला जागा उरली नाही, तेव्हा आबांनी मेंढरं विकली आणि दोघा मालकांच्या हातचा मार खाऊन आलेली ही जुनी गाडी घेतली. बाजाराला शेळ्या न्यायच्या, लोकांचा कांदा न्यायचा, कडबा आणायचा. चालवायला आबा उतारवयात शिकले आणि मेंढक्यासारखीच चालवायचे. चढ आला की तोंडानं हाकारायचे. ब्रेक दाबताना "हो, हो" म्हणायचे. उतरले की बॉनेटवर थाप मारायचे. आम्ही भावंडं पोट धरून हसायचो.

गाडी पहिल्यांदा दारात आली तेव्हा मायनं चाकांवर पाणी घातलं, ओवाळलं आणि कुंकवाचा करंडा घेऊन थांबली. लोक बॉनेटवर स्वस्तिक काढतात, तसं तिला नको होतं. मेंढ्याला ती कपाळाला कुंकू लावायची. "पत्र्याला काय लावायचं? हिचं कपाळ दावा," ती म्हणाली. आबांना चेष्टेची लई हौस. त्यांनी बॉनेट उचललं, बॅटरीच्या शेजारी आतल्या पत्र्यावर एक जाडजूड बोल्ट होता त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हे घे. हितं. हितं जीव असतो हिचा."

आबा चेष्टा करत होते. पण देवाधर्मातली चेष्टा मायला कधी कळलीच नाही. तिनं त्या बोल्टला हळद लावली, कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, नारळ फोडून त्यातलं पाणी त्याच्यावर धरलं. तेव्हापासून दर अवसेला हे ठरलेलं. आबा बॉनेट उचलून धरायचे, ती पूजा करायची. दोघांचं त्या वेळचं तोंड बघण्यासारखं असायचं. आबांचं हसू दाबलेलं, तिचे डोळे मिटलेले.

काही वर्षं गाडी नीट चालली. मग खोड्या सुरू झाल्या. चालता चालता मीटरचे दिवे मंद व्हायचे. हॉर्न घोगरा वाजायचा. वायपर लावला की डिझेलचा काटा खाली पडायचा. कधी किल्ली फिरवली की नुसता 'कट्' आवाज, आणि पुढं काही नाही. पाच मिनिटांनी काही न करता चालू. आबा म्हणायचे, म्हातारी झाली, तिची तिला झोप लागती. माय म्हणायची, नजर लागली. अवसेचा नारळ होता, तो तिनं पुनवेलापण सुरू केला. आणि खरं सांगायचं तर पूजा झाली की गाडी पुढं काही दिवस मेंढीसारखी गरीब चालायची. हे आम्ही सगळ्यांनी बघितलेलं आहे. धाकट्यानं तर त्यावरून माझ्याशी पैजसुद्धा लावली होती.

मग बहिणीच्या बाळंतपणाला माय सोयगावला गेली. तिथं असताना पुनव गेली, अवस आली. तिनं फोनवरून आबांना आठवण केली. आबा "व्हय, व्हय" म्हणाले आणि विसरून गेले, किंवा त्यांना कंटाळा आला असेल. ती परत आली त्याच आठवड्यात एका दुपारी कांद्याच्या वाफ्यात आबा छाती धरून खाली बसले.

मी तेव्हा कंपनीत होतो. पुढचं धाकट्यानं सांगितलेलं. कुणाच्या गाडीची वाट बघण्यापेक्षा आपली दारातच आहे म्हणून त्यानं आबांना पिकअपमध्ये सीटवर मधोमध बसवलं, मायनं त्यांना खांद्याला धरलं. पैठण रोडला लागायच्या आधीच सगळे दिवे गेले आणि गाडी थांबली. किल्ली फिरवली, काही नाही. धक्का मारला, काही नाही. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. माय खाली उतरली. तिच्याजवळ ना नारळ होता ना करंडा. तिनं बॉनेट उचललं, स्वतःच्या कपाळावरचं कुंकू बोटानं पुसून त्या बोल्टला लावलं आणि बोल्टावर हात दाबून धरून ओरडली, "फिरव!" धाकट्यानं किल्ली फिरवली. गाडी चालू झाली.

आबा दवाखान्याच्या फाटकात पोचायच्या आधीच गेले होते. डॉक्टर म्हणाले, झटका एवढा मोठा होता की लवकर आणलं असतं तरी वाचले असते असं सांगता येत नाही. मायनं त्यातलं "लवकर आणलं असतं" तेवढंच ऐकलं.

मी गाडीच्या मागं लागलो. सुट्टी आली की पिकअप काढायची आणि गॅरेज गाठायचं. एकानं बॅटरी बदलली. एकानं सेल्फ उघडून पुन्हा बसवला. एकानं फ्यूजच्या डब्यातले सगळे फ्यूज पुसून दिले आणि गाडीपेक्षा मलाच दुरुस्तीची गरज आहे असं तोंड केलं. कारण गॅरेजमध्ये ही बया शहाण्या सुनेसारखी वागायची. एक दिवा मिचकवायची नाही. फाटकाबाहेर काढून पहिल्या गतिरोधकावर आदळली की हॉर्न घोगरा. मी स्टिअरिंगवर मुठी आपटायचो, शिव्या घालायचो, मग आठवायचं की इथंच, माझ्या शेजारी, आबा शेवटचे बसले होते, आणि शिवी तोंडातच राहायची.

शेवटी शहरात रेल्वे स्टेशनच्या बाजूला एका इलेक्ट्रिशियनकडं गेलो. म्हातारा, बडबड्या, चहा पीत पीत काम करणारा. त्यानं आधी ठामपणे डायनामो बाद ठरवला, तो बदलायला लावला, आणि त्यानंही फरक पडला नाही तेव्हा जरासुद्धा न ओशाळता म्हणाला, "तो फिर अर्थ का लफडा है, भाई. बटन किसी और बत्ती का, जलती कोई और, मतलब अर्थ नहीं मिल रहा."

मी विचारलं, म्हणजे काय. त्यानं सांगितलं ते सोपं होतं. बॅटरीतून लाल वायरीनं वीज जाते, दिव्याला, हॉर्नला, सेल्फला. गेलेली वीज परत यायला हवी, नाहीतर काहीच चालत नाही. परत येते ती गाडीच्या सगळ्या पत्र्यातून, आणि पत्र्यातून बॅटरीत काळ्या वायरीनं. तिला म्हणायचं अर्थ. तो जोड सैल पडला की वीज मिळेल त्या वाटेनं घरी यायला बघते, आणि वाट सापडली नाही की बसून राहते.

त्यानं इंजिनखालची अर्थची पट्टी घासली, गिअरबॉक्सची घासली. बॅटरीजवळच्या त्या बोल्टपाशी त्याचा हात आला आणि मागं गेला. तिथं आता बोल्ट दिसतच नव्हता. हळदीकुंकवाचा थरावर थर बसून लिंबाएवढा गोळा झाला होता, त्यात तांदूळ चिकटलेले, नारळाची एक शेंडी. "वो भगवान का है," म्हातारा म्हणाला. "उसको हम हात नहीं लगाते."

त्याच्या आधी ज्यांनी ज्यांनी बॉनेटखाली डोकं घातलं, त्यांपैकी कुणीच त्याला हात लावला नव्हता. एका गॅरेजवाल्यानं तर काम सुरू करायच्या आधी त्याला नमस्कार केला होता. मीसुद्धा कितीदा बघितलं असेल. देवाची जागा म्हणून नजर तिथं जायची आणि तशीच पुढं जायची.

पुढच्या सुट्टीला गाडी आमच्या दारातच बंद पडली. माय शेजारच्या घरी गेली होती. मी चिडून जंपरची जाड वायर घेतली, एक टोक बॅटरीच्या काळ्या बाजूला लावलं, दुसरं इंजिनच्या लोखंडाला. सगळे दिवे लख्ख लागले. वायर काढली, गेले. लावली, लागले. म्हणजे खोट काळ्या वायरीत. मी ती वायर बोटानं धरून बॅटरीपासून मागं मागं गेलो आणि बोट त्या गोळ्यात जाऊन थांबलं.

पान्याच्या टोकानं मी गोळा उकरला. वरचा थर लाल, त्याखाली पिवळा, पुन्हा लाल. वाळलेलं नारळाचं पाणी डिंकासारखं. सगळ्यात आत वायरीचं तांब्याचं टोक होतं, कळकलेल्या पितळी भांड्यासारखं हिरवंगार, आणि त्याखालचा पत्रा जंग खाऊन बिस्किटासारखा कुरकुरीत झालेला. हात लावला की टोक हलायचं. दाबलं की दिवे लागायचे. सोडलं की जायचे.

मी तिथंच बंपरवर बसलो. मला सगळं कळलं आणि काहीही कळायला नको होतं. मायनं महिन्या-महिन्याला धरलेल्या नारळाच्या पाण्यानं गाडीचा अर्थ खाल्ला होता. आणि पूजेला बसली की जुन्या थरावर नवी हळद अंगठ्यानं चोळायची, बोल्ट दाबायची, म्हणून ते टोक काही दिवस पत्र्याला धरून राहायचं. गाडी बिघडायची तिच्या हातानं, चालायचीही तिच्याच हातानं. जेवढी बिघडली तेवढी तिनं पूजा वाढवली. आणि त्या अवसेला ती सोयगावला होती, बोल्ट कुणी दाबलाच नाही.

तिचा प्रश्न मी इतके दिवस अडाण्याचा समजत होतो. नारळ फोडला नाही म्हणून गाडी बंद पडली का? तर व्हय. आणि इतकी वर्षं फोडला म्हणूनही. ह्यातलं कोणतं उत्तर मी तिच्या हातात देणार होतो? मला तेव्हा सगळ्यांचा राग आला. आबांचा, त्यांच्या चेष्टेचा, ज्यांनी गोळ्याला नमस्कार केला त्यांचा, आणि माझाही, की बिघाड शोधायची खाज मला कशाला सुटली.

मी सडलेलं टोक कापून टाकलं. वायरीला नवं टोक लावून ती खाली चेसीच्या लोखंडाला, चांगली घासलेल्या जागी, घट्ट बसवली. जुन्या वायरीचा एक तुकडा त्या बोल्टाला तसाच ठेवला, कुठंच न जाणारा. घरातनं करंडा आणला आणि माझ्या हातानं बोल्टाला हळदकुंकू लिंपलं, उकरल्याचं दिसू नये म्हणून. त्या बोल्टाला आता काही अर्थ उरला नव्हता.

माय आली तेव्हा मी जुन्या तुटक्या वायरीचा दुसराच एक तुकडा तिला दाखवला. "ही बघ. ही आतून तुटली होती. तुझा काही संबंध नाय."

तिनं तो तुकडा हातात घेतला, उलटा-सुलटा केला आणि अगदी शांतपणे विचारलं, "तुटली होती, तर मी हात लावल्यावर चालू कशी झाली?"

ती तुकडा माझ्या हातात परत देऊन चुलीपुढं बसली.

त्या अवसेला ती नारळ घेऊन आली. आबा गेल्यापासून पहिल्यांदा. बॉनेट मी धरलं. स्वतःच्या कपाळाला ती आता कुंकू लावत नव्हती, गाडीच्या कपाळाला लावलं. पुढच्या अवसेलाही, त्याच्या पुढच्यालाही. गाडी एकदासुद्धा बंद पडली नाही. पडायचं कारणच नव्हतं, मी काम चोख केलं होतं. धाकटा खूश झाला, भंगाराचं नाव काढीना. आणि प्रत्येक अवसेनंतर मायचा चेहरा आणखी काळवंडायचा. एकदा किल्ली लावल्याबरोबर गाडी चालू झाली तेव्हा ती म्हणाली, "बघ. एक अवस चुकवली नाय, तर एकदा बंद पडली नाय. तवा तेवढी एक चुकवली नसती तर." आता ती प्रश्न विचारत नव्हती. तिला उत्तर मिळालं होतं, आणि ते मी पान्यानं घट्ट करून दिलं होतं.

बरेच दिवस मी हे मनात घेऊन कंपनीत सीटा बसवल्या. मग एका सुट्टीत, अवस होऊन नुकतेच दोन दिवस झाले असताना, सकाळी माय बाजाराला निघायची तयारी करत होती, तेव्हा मी गाडीखाली सरकलो आणि चेसीवरचा अर्थ ढिला करून काढून ठेवला. बिघाड शोधायला मी किती सुट्ट्या घालवल्या, आणि करायला आवंढा गिळायला लागतो तेवढा वेळ लागला. पाना खिशात टाकला, हात पुसले.

माय पिशवी घेऊन येऊन बसली. मी किल्ली फिरवली. काही नाही. पुन्हा फिरवली. 'कट्' आवाजसुद्धा नाही.

तिनं पिशवी सीटवर ठेवली. मग उतरली. मला माहीत होतं ती काय करणार. तिनं बॉनेट उचललं. मला ती दिसेनाशी झाली, फक्त आवाज आला. "फिरव."

मी फिरवली.

"फिरव रे!"

फिरवत राहिलो. फिरणार नाही हे माहीत असलेली किल्ली फिरवताना मला स्वतःची शिसारी आली. बॉनेटपलीकडं ती बोल्ट दाबत असणार, दोन्ही हातांनी, जीव एकवटून.

बराच वेळ गेला. मग तिनं बॉनेट खाली घेतलं. हाताला हळद लागलेली. ती खिडकीपाशी आली. "परवा तर नारळ फोडला."

"व्हय, माय."

"मनापासून फोडला."

"व्हय."

"हात दाबून धरला. त्या दिवशी धरला होता तसाच." तिनं स्वतःच्या हाताकडं बघितलं. "हिला काईच कळत नाय का रे?"

"नाय, माय," मी म्हणालो. "काईच कळत नाय."

ती आत येऊन बसली, आबा बसले होते त्या जागेवर हात ठेवला आणि रडायला लागली. मी तिला आबांच्या दहाव्याला रडताना बघितलं होतं, तेराव्याला बघितलं होतं, पण ते रडणं नारळाचं होतं. त्या सकाळी ती आबांसाठी रडली. त्यांना नावं ठेवत रडली, एवढं दुखत होतं तर सांगितलं का नाही म्हणून रडली, गाडीला "हो, हो" म्हणायचे ते आठवून हसत हसत रडली. मी शेजारी बसून होतो. खिशातला पाना मांडीला टोचत होता. मी तो टोचू दिला.